सटीच्या आधीचं भरीत

वांग्याच्या झाडाला साबणाचं पाणी भर दुपारी मारू नये. हे ज्ञान मी चांगली दोन झाडं जाळून मिळवलेलं आहे, तेव्हा त्यावर कोणी शंका घेऊ नये.

बायकोनं खाटेवरून एवढंच सांगितलं होतं, "थोडं साबणाचं पाणी मारा, मावा धुऊन जाईल." थोडं म्हणजे किती, साबण कोणता आणि मारायचं कधी, हे काही ती बोलली नाही. एवढं माणसाला कळतंच, असा तिचा समज. इतका संसार करूनही माझ्याबद्दलचा हा गैरसमज तिनं जपून ठेवला होता. मी कपड्यांची पावडर मूठभर घेतली, बादलीत फेस काढला, आणि ऊन डोक्यावर असताना, सगळी गल्ली जेवून आडवी झालेली असताना, वांग्यांना मनसोक्त आंघोळ घातली. पानांच्या पाठीला चिकटलेले ते बारीक हिरवे-काळे किडे, ज्याला मावा म्हणतात, ते पटापट मेले. मी खुशीत आत येऊन झोपलो. उठून पाहतो तर पानं करपून पापडासारखी कुरकुरीत.

"मेला का मावा?" तिनं विचारलं.

"मेला."

"आन् झाड?"

"झाड इचार करून राहिलंय."

ती हसली. हसलं की तिच्या पोटात कळ यायची, म्हणून पोटावर हात दाबून हसली. मग खिडकीतून त्या करपलेल्या झाडांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आवो, उरलेली तरी सटीपर्यंत टिकवा. दुसरं काही मागत न्हाई मी."

सट म्हणजे चंपाषष्ठी, मार्गशीर्षातली. आषाढीला आमच्या घरात कांदा, लसूण आणि वांगं बंद होतं. सटीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवायचा, तेव्हा ते सुटतं. आमच्या वसमतला घरोघर हेच. पण घरोघर सटीची वांगी बाजारातून येतात, आणि आमच्या घरात बाजारचं वांगं देवापुढं गेलेलं मला आठवत नाही. तिच्या परसातलंच लागायचं. परस म्हणजे तरी काय, खाट टाकली तर कुत्र्याला वळायला जागा उरणार नाही. त्यात एक कढीपत्ता, तुळस, पुदिना, कधीही न फुलणारा मोगरा, आणि भिंतीला लागून वांग्यांची ओळ. आषाढात रोप लावायचं. श्रावणापासून ते वांगी देणार. आणि ती घरात कोणी खायची नाहीत! सगळी भिंतीपलीकडं भाभीला जायची.

भाभी म्हणजे शेजारीण. त्यांचे मालक गाद्या भरतात. आमचं आणि त्यांचं परस एकच, मधे कमरेएवढी भिंत. रोपंही दर वर्षी भाभीच देणार, त्या वाफ्यात पेरून तयार करायच्या. माझ्या बायकोला त्या भाभी म्हणायच्या आणि बायको त्यांना भाभी म्हणायची. एकीनं हाक मारली की दुसरी ओ द्यायची, आणि मी मधे उभा राहून कोण कोणाला बोलावतंय याचा अंदाज घ्यायचो. आमची वांगी भिंतीवरून कच्ची जायची आणि शेंगदाणे-तिळाच्या रश्श्यात बगारा होऊन एक वाटी परत यायची. ती माझी. मी ती भिंतीपाशीच उभ्यानं संपवायचो, मिशी पुसून घरात यायचो. बायको म्हणायची, "तोंड धुतलं, पर शर्टाचं काय?"

मी एसटीत कंडक्टर होतो. वसमत, जवळा बाजार, औंढा या रस्त्यावर माझी हयात उभ्या-उभ्या गेली, त्यामुळे बसून करायच्या कामांत मी पहिल्यापासून कच्चा. परसातलं काम तर वाकून करायचं. त्या परसात मी या वर्षापर्यंत दात घासायला आणि भाभीची वाटी संपवायला सोडून कधी गेलेलो नव्हतो.

या वर्षी जावं लागलं. आषाढात तिनं रोपं लावली ती स्वतःच्या हातानं. भादव्यात तिचं पोट फुगायला लागलं. नांदेडला नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी न्या, त्रास होणार नाही एवढ्या गोळ्या देतो, आणि त्यांना आवडेल ते खाऊ घाला.

आवडेल ते. तिला काय आवडायचं, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. भाजलेलं वांगं. आणि ते ती सटीपर्यंत तोंडात घालणार नव्हती.

तिची खाट मी परसाच्या खिडकीला लावली. तेव्हापासून माझी खरी नोकरी सुरू झाली.

माणसाच्या दुखण्याचं कळलं की लोक गप्प होतात. डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर मी घरचं सांगितलं तेव्हा सगळे कपात बघायला लागले. मग मी म्हणालो, "आन् वांग्यांवर मावा पडलाय." झालं! जो तो बोलायला लागला. एकानं तंबाखूचं पाणी सांगितलं, दुसऱ्यानं आंबट ताक. तिसरा म्हणाला, लसूण आणि हिरवी मिरची वाटून गाळून फवारा, किडा जिल्हा सोडून जाईल. चौथ्यानं पिवळ्या रंगाच्या कशालाही एरंडेल चोपडून टांगायला सांगितलं. पांढऱ्या माश्या पिवळ्यावर भाळतात म्हणे, येऊन चिकटतात. मी कोणालाच नाही म्हणालो नाही. कंडक्टरला नाही म्हणायची सवय नसते, गाडीत जागा असो वा नसो.

पिवळं पहिल्यांदा केलं. पिवळं काही सापडेना, म्हणून तिची पेटी उघडली. ओटीत आलेले, कधी न शिवलेले खण गठ्ठ्यानं होते. त्यातला झकास पिवळा काढला, एरंडेलात बुडवला आणि वांग्यांच्या मधोमध काठीला बांधला. संध्याकाळपर्यंत त्याला पांढऱ्या माश्या लागल्या, मुंग्या लागल्या, कढीपत्त्याची पानं लागली, आणि वाकून बघताना माझा बनियनही लागला. मी सुटायची खटपट करत असताना खिडकीतून आवाज आला.

"आवो, ते झेंड्यावानी काय लावलंय?"

"औषध हाये."

"खण हाये तो. पोरीच्या बारशाच्या ओटीतला."

"न्हाई, तसलाच दुसरा."

"काठाला हिरवी रेघ हाये. मला दिसून राहिली हितून."

भिंतीपलीकडून भाभीनं तोंडाला पदर लावला. मी बनियन काढून तिथंच सोडला आणि उघडा आत आलो. पण खरं सांगायचं तर तो झेंडा कामाला आला. माश्या कमी झाल्या. ती म्हणाली, "आता लावलाच हाये तर राहू द्या. पेटीत तरी काय करून राहिला होता."

मग लसूण. यात मात्र माझी अक्कल कुठं गेली होती, हे मला अजून उलगडलेलं नाही. चातुर्मासात ज्या घरात लसणाचं नाव काढत नाहीत, त्या घरात मी बाजाराच्या पिशवीत मेथीखाली दडवून लसूण आणला. ती गोळीच्या गुंगीत आहे असं पाहिलं, लसूण-मिरच्या मिक्सरच्या भांड्यात घातल्या आणि बटण दाबलं. घरात मिरची उडाली. मी शिंकलो, ती खोकत जागी झाली, आणि डोळे उघडायच्या आधी म्हणाली, "लसूण कोण आणला घरात?"

"झाडाला हाये. खायला न्हाई."

"कोन्या झाडाला?"

"वांग्याच्या."

"देवाच्या वांग्यावर लसूण मारता?"

मी म्हणालो, "अगं, सटीला त्याच वांग्याच्या भरतात तूच लसूण घालतीस ना? देवाला लसणाचं वावडं हाये का?"

"सटीला," ती म्हणाली. "सटीला घालते. आज सट हाये का?"

तिनं भाभीला हाक मारली. मिक्सरचं भांडं त्यातल्या औषधासकट भिंतीवरून पलीकडं गेलं. भाभीनं भांड्यात डोकावून बघितलं. "अल्ला, भाईसाब, एवढा लसूण? मी तर समजले चटनी देऊन राहिले."

"तुज्या झाडांना मार," बायको खिडकीतून म्हणाली. "आन् भांडं आता तुज्याकडंच ठेव ग भाभी. सटीला आणून दे."

"सटीला देते, भाभी. बराबर."

त्या दिवसापासून आमच्या घरात चटणी पाट्यावर. पाट्यावर वाटायला मी. बोटं वरवंट्याखाली यायची, आणि खाटेवरून हिशेबानं हाका यायच्या, आता पाणी, आता मीठ, आता बोट काढा.

शेवटी तिनंच तिचं औषध सांगितलं. चुलीची चाळलेली राख, त्यात चिमूटभर हळद, आणि पहाटे पानांवर दव असताना वरून भुरभुरायची. राख दवाला धरते, मावा गुदमरतो. राख मिळाली, हळदीला तर आमच्या वसमतला काय तोटा! फक्त दव असताना मला जाग येत नाही. मी उठलो ते नऊला, कोरड्या पानांवर राखुंडी उधळली, आणि त्याच वेळेला वारं फिरलं. सगळी राख-हळद माझ्या डोक्यावर, मिशीवर, उघड्या अंगावर. डोळे चोळत खिडकीकडं वळलो तर ती उशीत तोंड खुपसून हसून राहिली होती. "आवो, वाघ्या झाले की तुमी! आता घरोघर भीक मागा खंडोबाची." त्या दिवशी तिला हसण्यानं इतकं दुखलं की एक गोळी जास्तीची द्यावी लागली. मी गोळी देताना म्हणालो, सॉरी. ती म्हणाली, "काहून? किती दिसांनी हसले."

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठायला लागलो.

मावा हटला, पण अळी आली. वांग्याची खरी वैरीण ती. शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो, आणि मग तीच जात वांग्यात घुसते. बाहेरून वांगं चकचकीत, आतून सगळं पोखरलेलं, वर फक्त टाचणीएवढं भोक. त्याला राख चालत नाही, साबण चालत नाही. तिनं सांगितलं, रोज प्रत्येक झाडाचा प्रत्येक शेंडा बघायचा. मान टाकलेला दिसला की भोकाच्या खालून तोडायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचा.

"रोज? परत्येक शेंडा?"

"गाडीत कसं करत होते? तसंच. एकेकाला इचारायचं, तिकीट दाखव. बिनतिकिटाचा कोण बसलाय ते बघायचं."

हे मला जमलं! आयुष्यात पहिल्यांदा परसातलं काम मला जमलं. सकाळी डब्यात थोडं साबणाचं पाणी घेऊन मी ओळीनं निघायचो, पान उलटून बघायचो, शेंडा धरून बघायचो, आणि मोठ्यानं म्हणायचो, "चला, तिकीट! मागं कोण राहिलं? ए अळी, उतर खाली!" खिडकीतून ती बघायची. पहिल्या दिवसांत उशीला टेकून बसायची. नंतर पडल्या-पडल्या बघायची. नंतर नुसती ऐकायची, म्हणून मी जरा जास्त मोठ्यानं ओरडायला लागलो. भाभीच्या घरातल्यांना सकाळी डेपोत राहिल्यासारखं वाटत असेल, पण कोणी काही बोललं नाही.

दिवाळीनंतर भिंतीकडच्या झाडावर एक वांगं धरलं. जांभळं, वर पांढऱ्या रेघांचं, भरताला पाहिजे तसं फुगीर. तिनं ते लांबून ओळखलं. "ते देवाचं," ती म्हणाली. मी खणाच्या झेंड्याची एक चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधली. बाकीची वांगी भाभीला गेली, काही अळीला गेली, ते वांगं राहिलं. मी त्याला एवढ्या वेळा तिकीट विचारलं की दुसरा प्रवासी असता तर भांडला असता.

पण वांगं भरत चाललं आणि ती रिकामी होत चालली. पातळ भात दोन घास. मग एक. मग नुसतं पेजेचं पाणी. पुनव झाली, कार्तिक निम्मा सरला. सट अजून लांब होती. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, तुम्ही समजून असा.

मी तिला म्हणालो, "अगं, वांगं तयार हाये. थोडं भाजू का? डॉक्टरनं सांगितलंय, आवडंल ते खा म्हणून."

"सटीला."

भाभी भिंतीवरून आल्या, तिच्या पायाशी बसल्या. "भाभी, बिमार मानसाला सगळं माफ असतंय. आमच्यात रोजा बी माफ असतोय."

"तुमच्यात असंल. मी सटीला खाईन."

जवळा बाजारची आमची लेक आली, रडली, आईच्या तोंडाशी मऊ खिचडी घेऊन बसली. पुन्हा तेच. सटीला.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या कल्पना साबणाच्या पाण्यासारख्या निघालेल्या, तरी सुचायच्या थांबत नाहीत. मी लेकीला परसात नेऊन म्हणालो, "ती सटीला खाते ना? मग आपण सट करू."

"म्हंजे?"

"उद्या सट. तिला गोळ्यांनी तारीख-वार कळून राहिला का?"

"बाबा, देवाशी खोटं बोलायचं?"

"देवाशी कोण बोलतंय. तुज्या आईशी बोलायचंय. देवाची खरी सट आपण पुन्हा करू."

मग डोळे पुसून ती म्हणाली, "मग कॅलेंडरचं पान उलटावं लागंल. तिला पडल्या-पडल्या दिसतं ते." मी आईबापाच्या वळणावर गेलेली लेक म्हणतात ती कशी असते, ते तेव्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या कानाशी जाऊन म्हणालो, "आज सट हाये."

तिनं डोळे उघडले. कॅलेंडरकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. "एवढ्या लवकर?"

"दिवस कुठं थांबतेत."

"व्हय," ती म्हणाली.

मी चिंधी सोडून देवाचं वांगं तोडलं. भोक नव्हतं, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. परसात तीन दगडांवर लाकडं पेटवली आणि ते निखाऱ्यावर ठेवलं. लेकीनं बाजरीचे रोडगे थापले. भाभींनी भिंतीवरून पातीचा कांदा दिला आणि लसणाच्या चार पाकळ्या, पदरात झाकून, जसं काही चोरीचा माल. वांगं भाजलं, साल फुटली, धूर खिडकीतून आत गेला. ती हुंगत पडून राहिली.

देवापुढं ताटात हळद, खोबरं, सुपारी ठेवून तळी उचलायची असते. त्याला पाच पुरुष लागतात. आमच्याकडं मी एक. लेकीनं एका बाजूनं हात लावला. भाभी दारात उभ्या होत्या. "मी लावू का, भाईसाब? चालतंय?"

"लाव ग," खाटेवरून आवाज आला. "कमी हायेत मानसं."

तिघांनी ताट उचललं. "येळकोट येळकोट" म्हणताना माझा आवाज फाटला. गाडीत कधी फाटला नव्हता. हळद उधळली ती तिच्या पांघरुणावर पडली. पहिला नैवेद्य देवाला, दुसरा कुत्र्याला. गल्लीतलं कुत्रं दारात आलं आणि रोडगा घेऊन गेलं. कुत्र्याला तिथी कळत नाही, ही देवाची कृपा.

मग मी रोडग्याचा तुकडा कुस्करला, त्यात भरीत कालवलं आणि बोटाच्या टोकानं तिच्या तोंडात घातलं. ती बराच वेळ ते जिभेवर ठेवून राहिली. मग गिळलं.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली.

लेक हसली आणि रडली. मी दुसरा घास दिला. तोही तिनं घेतला. किती दिवसांनी तिनं दुसरा घास घेतला होता. मी तिसरा कालवत होतो, तेव्हा ती खिडकीकडं मान वळवून म्हणाली, "आवो, आज गल्लीत कोणीच वांगं भाजून न्हाई राहिलं व्हय?"

माझा हात ताटात थांबला. सटीच्या सकाळी आमच्या गल्लीत दुसरा वास नसतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत वांगं भाजल्याचा धूर, दारोदार येळकोट. आणि त्या दिवशी बाहेर नुसती सकाळ होती. मी कॅलेंडर उलटलं, पण गल्ली कशी उलटणार?

"करतील," मी म्हणालो. "लोक आजकाल उशिरानं करतेत."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला झेपला असता. भर दुपारी साबणाचं पाणी मारून आलो होतो, तेव्हा ती असंच बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "करतील." आणि तिसऱ्या घासाला तोंड उघडलं.

संध्याकाळी, गुंगी चढायच्या आधी, ती मला म्हणाली, "झाडावर बारकं एक धरलंय ना? त्या खालच्या फांदीला?"

"धरलंय."

"त्याला सांभाळा. देवासाठी एक राहू द्या."

कधीसाठी, ते ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती पिवळी चिंधी त्या बारक्याच्या देठाला बांधली.

त्यानंतर तिनं अन्न असं काही घेतलं नाही. खंडोबाचे घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी ती गेली. मी तेव्हा परसात होतो. "चला, तिकीट" म्हणत होतो. आतून लेकीनं हाक मारली ती वेगळीच होती.

खरी सट आली तेव्हा तिचा दहावा व्हायचा होता. सुतकात देवाला हात लावत नाहीत, नैवेद्य करत नाहीत. देव्हाऱ्यावर फडकं टाकलेलं. मी दारात पोत्यावर बसून होतो. सकाळीच एका घरात वांगं भाजायला लागलं, मग दुसऱ्या, मग सगळी गल्ली. काय वास तो! चातुर्मासभर चोरून बगारा खाणारा मी, त्या दिवशी नाकावर उपरणं धरून बसलो. ती म्हणाली होती तसं सगळ्या गल्लीनं भाजलं. उशिरानंच भाजलं, एवढंच.

दुपारी भाभी आल्या. आज त्या भिंतीवरून आल्या नाहीत, फिरून दारातून आल्या. हातात मिक्सरचं भांडं, घासून लख्ख केलेलं, वर झाकण.

"आज सट हाये," त्या म्हणाल्या. "भाभीनं सटीला आणून दे म्हनलं होतं."

मी भांडं घेतलं. झाकण उघडून बघितलं. एवढं घासून, एवढे महिने होऊन, आतल्या रबराला लसणाचा वास होताच. मी झाकण लावलं.

"तिला कळलं होतं, भाभी," मी म्हणालो. "त्या दिवशी. सट नव्हती ते."

भाभी उंबऱ्याशी टेकल्या. "मला बी तसंच वाटलं, भाईसाब."

"मग खाल्लं काहून?"

त्या पदराच्या टोकाला गाठ मारत बसल्या, सोडत बसल्या. मग उठताना म्हणाल्या, "तुमच्या झाडाला मावा लागून राहिलाय. मला भिंतीवरून दिसतंय. कोन बघत न्हाई ना आता."

त्या गेल्यावर मी परसात गेलो. किती दिवसांत फिरकलो नव्हतो. शेंडे मान टाकून बसले होते. एरंडेलाचा झेंडा धुळीनं काळा झाला होता. खालच्या फांदीचं वांगं मात्र होतं. चिंधी तशीच. चांगलं मुठीएवढं झालं होतं, भरताला येईल असं. आणि ते तोडता येत नव्हतं. देवाला देता येत नव्हतं, आणि ज्या घरात ते शिजावं त्या घरात चूल पेटत नव्हती. मी त्याला सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. भोक नव्हतं. देठापाशी आणि वरच्या पानांच्या पाठीला मावा चिकटला होता, दाट.

मी आत जाऊन अंगाच्या साबणाची चिपटी वाटीभर पाण्यात विरघळवली, फेस येईल न येईल एवढी. बाहेर आलो. खिडकीत कोणी नव्हतं, खाट उभी करून ठेवलेली होती. भिंतीवर ऊन होतं, वांग्यावरही होतं.

मी वाटी हातात घेऊन तिथंच बसलो, ऊन उतरायची वाट बघत.